सोलापुरातून मुलांसोबत टेकडी आणि जिओकॅशिंग: डबे कुठे लपवायचे, कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात ७ आणि ११ वर्षांची मुलं, सोबत मेव्हण्याचं कुटुंब आणि दोन मित्र, म्हणजे सगळे मिळून दहा-अकरा जण. जिओकॅशिंगचं ॲप घेतलंत, पण सोलापूरच्या आसपास डबे जवळजवळ दिसतच नाहीत. मग आपणच लपवले तर चालतील का, कुठे लपवायचे, सोबत काय घ्यायचं आणि गुडघे दुखणाऱ्या आईंना नेता येईल का?

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कोणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश देतो. दुसरा जीपीएसच्या मदतीने तो शोधतो, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितो आणि डबा होता तसा परत ठेवतो. आतली एखादी वस्तू घ्यायची असेल तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये पहिला डबा ठेवला गेला. तिथून हा खेळ जगभर पसरला.

आता तुमच्या प्रश्नाचं मूळ. अडचण डब्यांच्या कमतरतेची वाटते, पण खरी अडचण वेगळी आहे. ॲपवरचा डबा कुणी, कधी, कोणत्या विचाराने लपवला हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि तुमचा सात वर्षांचा मुलगा तिथे हात घालणार असतो. आपल्या माळरानावर दगडाखाली फुरसं असू शकतं. म्हणून लहान मुलं असतील तर माझं मत स्पष्ट आहे: सुरुवातीला स्वतःच डबे लपवा, त्याच दिवशी शोधा आणि त्याच दिवशी सगळे उचलून घरी आणा. मुलांचा हात कुठे जाणार हे लपवणारा ठरवतो. तो लपवणारा तुम्हीच असलात की निम्मा धोका तिथेच संपतो. ॲपवर जाहीर करण्याचा विचार नंतर.

आधी चाल, मग डबे. सोलापूर सपाट आहे ही तक्रार नेहमीची, पण तुळजापूरकडे निघालात की तासाभरात बालाघाटाची कड लागते आणि मुलांना चढ म्हणून तेवढी पुरते. मोठ्या माणसाचा हिशेब साधारण असा: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. मुलं सोबत असली की हा वेग निम्मा धरा, आणि प्रत्येक डब्यामागे २० ते ३० मिनिटं वेगळी. म्हणजे ३ किलोमीटर, १०० मीटर चढ आणि पाच डबे एवढ्यात तुमचे साडेतीन-चार तास जातात. पहिल्या वेळी याच्या पुढे जाऊ नका. मुलं दमली की शोधणं थांबतं आणि कुरकुर सुरू होते. मग परतीची वाट सगळ्यांनाच नकोशी होते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्या वेळी चालायला लागलात तर अकरापर्यंत सावलीत परत येता. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माळ हिरवा आणि सुंदर असतो, पण आपल्याकडे पावसाचा मोठा वाटा याच काळात पडतो आणि दुपारनंतर विजा येतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर उघडी टेकडी लगेच सोडायची, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, गाडीत बसायचं. मार्चपासून पुढे हा उद्योग मुलांसोबत करू नका. हवा ४० अंशांवर असते तेव्हा काळा दगड त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो, आणि लहान मूल त्या दगडाच्या जास्त जवळ चालत असतं.

जागा कुठली हे मुख्यतः परवानगीवर ठरतं. सगळ्यात उत्तम म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याचं पडीक माळ किंवा टेकाड. बांधावरून चालायचं, ज्वारीत शिरायचं नाही, विहिरीपासून लांब राहायचं आणि आदल्या दिवशी फोन करून किती जण येतोय ते सांगायचं. हुरड्याच्या दिवसांत गेलात तर आमंत्रण आपोआप मिळतं! मेंढपाळांचा तळ जवळ असेल तर वळसा घाला. त्यांची कुत्री राखणीचीच असतात, मुलं पळाली की मागे लागतात.

येडशीचं रामलिंग चालायला छान आहे, पण ते अभयारण्य आहे. तिथे वन विभागाच्या नियमांप्रमाणे फिरा, डबा ठेवू नका. माकडं आहेत, त्यामुळे हातात पिशवी आणि खाऊही नको. नान्नजचं माळढोक अभयारण्य तर या खेळासाठी पूर्ण वर्ज्य. तिथलं गवत म्हणजे जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचं, काळविटांचं आणि लांडग्यांचं घर आहे. डबा शोधायला वाट सोडून गवत तुडवणं तिथे गुन्हा तर आहेच, त्याहून वाईट म्हणजे नुकसान आहे. सोलापूरचा भुईकोट किल्ला, नळदुर्ग, धाराशिवची लेणी ही संरक्षित स्मारकं. चिरेबंदीच्या फटीत साधी बाटलीसुद्धा खोचायची नाही. भिंतीचा एक दगड सैल झाला की पुढच्या पावसाळ्यात पाणी आत शिरतं. शिवाय किल्ल्यांच्या उंच भिंतींवर आग्या मोहोळ असतं. तिथे आरडाओरडा, धूर आणि अत्तर तिन्ही टाळा.

पण अशा ठिकाणी डब्याशिवाय खेळता येतं, आणि मुलांना ते जास्त आवडतं असा माझा अनुभव आहे. खेळाच्या नियमांतही ‘अर्थकॅश’ नावाचा प्रकार आहे: डबा नसतो, जागेवर निरीक्षण करून भूगर्भाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. आपला दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. घाटातल्या रस्त्याच्या कापात लाल मातीचा पट्टा दोन काळ्या थरांमध्ये दिसला तर मुलांना विचारा, हा मधला थर कशाने झाला असेल? एक लाव्हा थंड झाला, त्याच्या वरच्या भागाची झीज होऊन माती झाली आणि मग पुढचा लाव्हा तिच्यावर आला. दगडातली पांढरी भोकं दाखवा. वायूचे बुडबुडे होते, नंतर त्यांत खनिज भरलं. मात्र हे वळणावर उभं राहून नको, रस्ता सोडून सुरक्षित जागी.

कोड्याचा डबा करायचा असेल तर हत्तरसंग कुडलसारखी जागा नाही. भीमा-सीनेच्या संगमावरच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. ७८ मिळवले की इसवी सन १०१८. डबा मंदिरात ठेवायचा नाही. तो तुमच्या ओळखीच्या शेतात, आणि कोडं मंदिरात. समजा डब्याच्या अक्षांशाचे शेवटचे तीन आकडे ३४७ आहेत. चिठ्ठीत लिहा: ‘शिलालेखाच्या शकातून ५९३ वजा करा.’ अकरा वर्षांची मुलगी हे गणित उभ्याउभ्या करते आणि शक कधीच विसरत नाही. नदीच्या काठावर मात्र मुलांना मोकळं सोडू नका, गाळात पाय रुततात.

आता आकड्यांबद्दल नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. गुगल मॅप दशांश अंश दाखवतो, उदाहरणार्थ १७.४५५०. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं लिहितात. बदल करायला पूर्णांक तसाच ठेवायचा आणि पुढच्या भागाला ६० ने गुणायचं: ०.४५५० गुणिले ६० म्हणजे २७.३००, म्हणून १७ अंश २७.३०० मिनिटं. कुणी घाईत १७ अंश ४५.५० असं वाचलं तर अक्षांशात १८.२ मिनिटांची चूक होते, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर. डबा एकीकडे आणि माणसं भलत्याच तालुक्यात. मिनिटाचा हजारावा भाग मात्र जेमतेम १.८५ मीटर असतो, त्यामुळे शेवटचा एखादा आकडा इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही.

डबा ठेवताना फोन मोकळ्या आभाळाखाली दोन-तीन मिनिटं स्थिर धरा. आकडा लिहा. मग २०-३० पावलं लांब जा आणि दुसऱ्या दिशेने परत या, पुन्हा लिहा. असं तीनदा. दोन जवळजवळ सारखे आणि एक फटकून असेल तर तो सोडून बाकीच्यांची सरासरी घ्या. उघड्यावर चांगला फोन साधारण ५ मीटरच्या आत असतो. कड्याला किंवा भिंतीला चिकटून उभे राहिलात की संदेश आपटून येतो आणि आकडा वाढत्या चुकीने नाचायला लागतो. फोनचा बाण चुकीचा फिरत असेल तर आधी चुंबकाचं कव्हर काढा. बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिज असतं, म्हणून होकायंत्रही दगडावर टेकवून वाचायचं नाही, उभं राहून छातीजवळ धरायचं.

नेटवर्क घाटात जातं, जीपीएस जात नाही. घरूनच ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड या ॲपमध्ये नकाशा उतरवून ठेवा, आणि आकडे कागदावरही लिहा. उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं परदेशातून कुणी आणून दिली असतील तर वापरू नका. आपल्याकडे त्याला सरकारी परवानगी लागते.

डबा कसा असावा? ५०० मिलिलिटरचा, चारी बाजूंनी क्लिप लागणारा पारदर्शक प्लास्टिकचा. पारदर्शक यासाठी की बाहेरून आत काय आहे ते दिसावं. एसटी स्टँडवर ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही सूचना आपण रोज ऐकतो. माळावर सापडलेला काळा, चिकटपट्टीने बांधलेला डबा पाहून गुराखी पोलीस पाटलाला बोलावणार, आणि त्याचं बरोबरच आहे. लोखंडी पेटी, पाइपचा तुकडा, वायर असलं काही नकोच. झाकणाखाली मराठीत चिठ्ठी ठेवा: ‘हा मुलांच्या खेळाचा डबा आहे. आत वही, पेन्सिल आणि खेळणी आहेत. जागामालकाची परवानगी घेतली आहे. आज दुपारी १२ वाजता आम्ही तो घेऊन जाऊ.’ खाली फोन नंबर. रेल्वे, पूल, धरण, शाळा, विजेचे टॉवर आणि मंदिर यांच्या जवळ कधीही नाही.

आत काय: छोटी वही झिपच्या पिशवीत, पेन नको तर पेन्सिल, कारण उन्हात पेनची शाई वाळते आणि ओलीत पसरते. गोट्या, शिट्टी, बॅज, जुनी नाणी. चॉकलेट, गोळ्या, बिस्किटं अजिबात नाहीत. मुंग्या तासाभरात येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डबा दगडाखाली, कपारीत, बिळात, झाडाच्या ढोलीत किंवा पालापाचोळ्यात ठेवायचा नाही. फुरसं जेमतेम फूट-दीड फुटाचं असतं, रंग मुरमासारखा, दिवसा दगडाखाली पडून असतं. लाल विंचूही तिथेच. सात वर्षांच्या मुलाच्या छातीच्या उंचीवर, समोरून दिसेल पण लांबून नाही अशा जागा शोधा: झाडाची दुबेळकी, कुंपणाच्या खांबामागे सुतळीने टांगलेला, मोठ्या धोंड्याच्या माथ्यावर दोन छोट्या दगडांच्या आडोशाला. झाडाला खिळा ठोकू नका, सुतळी बांधा आणि जाताना सोडा. बाभळीला आणि वेड्या बाभळीला डबा लावू नका. काटा पातळ तळव्याच्या बुटातून आरपार जातो.

मुलांना दोन नियम घरीच पाठ करून घ्या. पहिला: जिथे दिसत नाही तिथे हात नाही, आधी काठी. दुसरा: डब्याजवळ दहा मीटरवर आलो की फोन खिशात. त्यापुढे फोनचा उपयोग नसतोच, आणि खाली फोनकडे बघत चालणारा माणूसच पाय चुकीच्या जागी ठेवतो. डोळ्यांनी शोधायचं: या माळावर माणसाने ठेवलेलं काय दिसतंय? मोठ्यांना दगड उलटायचाच झाला तर पलीकडची कड काठीने उचलून दगड आपल्याकडे कलवा, म्हणजे आतला जीव पलीकडे निघून जातो, आणि दगड परत जसा होता तसा ठेवा.

तरीही चावलंच तर: मुलाला चालू द्यायचं नाही, हात-पाय फळीला किंवा काठीला हलका बांधून स्थिर ठेवायचा, अंगठी-कडं-पैंजण काढायचं, १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. करकचून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीच नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे साप पकडून न्यायची गरज नाही. लाल विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलटी, हातपाय गार अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी रुळवलेल्या प्राझोसिन या औषधाचा उपयोग जितक्या लवकर तितका चांगला. निघण्याआधी त्या बाजूचं जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं आणि तिथे लस आहे का, हे एक फोन करून विचारा.

कपडे: पूर्ण पँट, घोट्यापर्यंत बूट, लांब मोजे. सप्टेंबर ते डिसेंबर कुसळं मोज्यात घुसून आतून टोचतात, म्हणून मोज्यांवरून पँट सोडलेली बरी. पाणी मोठ्यांना अडीच-तीन लिटर, मुलांना दीड, आणि ते प्रत्येकाच्या स्वतःच्या पाठीवर. ओआरएसची मोठी पुडी नेमकी एक लिटर पाण्यातच मिसळायची. अर्ध्या लिटरमध्ये घातली तर मुलाला उलट त्रास होतो. पुडी नसेल तर लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ. खायला आपली कडक भाकरी आणि शेंगा चटणी यासारखं दुसरं काही नाही: उन्हात खराब होत नाही, पिशवीत चेंगरली तरी चालते, आणि मिठाची भरपाई होते. दही घरी परत आल्यावर.

दहा-अकरा जणांचा घोळका एकत्र चालत नाही. पुढे एक मोठा, मागे एक मोठा, दोघांनी जागा बदलायच्या नाहीत. मागच्याला मागे टाकून पुढच्याने डब्यावर पोचायचं नाही. प्रत्येक डब्यापाशी सगळे जमले की मगच उघडायचा. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी, आणि तीन शिट्ट्या म्हणजे ‘मी आहे तिथे थांबलो आहे, तुम्ही या’. हरवलेल्या मुलाने चालत राहिल्यामुळेच शोध लांबतो. डबे २०० ते ३०० मीटरवर ठेवा. पहिला अगदी सोपा, गाडीपासून दिसेल असा, म्हणजे लहानग्याला खेळ समजतो. शेवटचा परतीच्या वाटेवर, उतरणीला. लपवायला एक मोठा माणूस तासभर आधी पुढे जातो आणि किती डबे ठेवले, कुठे ठेवले ते वहीत लिहितो. निघताना तेवढेच मोजून परत.

हे दोन-तीनदा जमलं आणि कायमचा डबा जाहीर करावासा वाटला तर जरूर करा, आपल्या भागाला त्याची गरज आहे. जागामालकाची परवानगी, दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर, मालकाने खास परवानगी दिल्याशिवाय खड्डा खणायचा नाही, आणि देखभालीला वेळोवेळी जाता येईल एवढी जवळची जागा, या अटी पाळल्या की स्वयंसेवक परीक्षक तपासून तो प्रसिद्ध करतो. कठीणपणा आणि वाट यांना १ ते ५ असे अर्ध्या-अर्ध्याने गुण द्यायचे असतात; वाटेचे गुण प्रामाणिक द्या, लोक त्यावर विसंबून मुलं आणतात. आपल्या हवेत डबा का टिकत नाही ते आधीच जाणून घ्या: एप्रिल-मेच्या उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊन क्लिपा तुटतात, वाळवी वही खाते, फेब्रुवारीनंतर वणव्यात सगळंच जातं. म्हणून गवतात ठेवू नका आणि वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, जाऊन बघा. तिथे रोज गुरं घेऊन येणाऱ्या माणसाला डबा उघडून दाखवा. एकदा त्याला कळलं की तोच त्याची राखण करतो.

जाताना दिवस बघा. कोजागरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो, नवरात्रात तुळजापुरात गाडी लावायला जागा मिळत नाही. या दिवसांत त्या बाजूचा बेत ठेवू नका.

राहिला प्रश्न आईंचा. उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त ताण येतो, म्हणून ‘वर जमलं, खाली जमेल’ हा हिशेब धरू नका. पहिला डबा गाडीजवळ ठेवताय तो त्यांच्यासोबतच शोधा. मग गाडीजवळच्या सावलीत, घडीच्या खुर्चीत, सोबत एका मोठ्या माणसाला ठेवून त्या थांबतील. त्यांच्याकडे वाटेचा कागद, सगळ्यांचे फोन नंबर, शेतमालकाचा नंबर आणि परतीची ठरलेली वेळ लिहून द्या. ठरलेल्या वेळेपासून अर्धा तास उलटला आणि फोन लागत नसेल तर त्यांनी शेतमालकाला फोन करायचा, हे आधीच ठरवा. दहा जणांच्या सहलीत हे काम कुणालातरी करावंच लागतं.